हायपोतली चांदी

सांगलीसारख्या गावातला फोटो स्टुडिओ लग्नसराईवर चालतो, अशी बाहेरच्यांची समजूत असते. ते निम्मंच खरं. उरलेलं निम्मं काम मयताच्या घरातून यायचं. घरातलं माणूस गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी, बहुधा जावई नाहीतर पुतण्या, दुकानाची पायरी चढायचा. पिशवीतून एखादा जुना ग्रुप फोटो काढायचा, मागच्या रांगेतल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "ह्यांचा मोठा करून पाहिजे. तेराव्याच्या आत." आम्ही त्या कामाला तेराव्याचा फोटो म्हणायचो. वहीत नावापुढे नुसतं 'ते.' लिहिलेलं असलं की बाकीची कामं मागे सारून ते आधी हातात घ्यायचं.

हे काम माझ्याकडे असायचं. बाहेर उजेडात फोटो काढायचे ते आमचे हे, आणि आत अंधारात रोल धुण्यापासून प्रिंट कापण्यापर्यंतचं सगळं माझं. आमचं लग्न १९७८ सालचं. ह्यांचा स्टुडिओ मारुती चौकाजवळ, दुकान खाली आणि राहायला वर. डार्करूम जिन्याखाली होती. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला जागा नाही. दाराला आतून कडी, बाहेर 'आत काम चालू आहे, दार उघडू नये' अशी पाटी. भरलेल्या घरात नव्या नवरा-बायकोला चार शब्द बोलायला जागा नसायची. आम्हाला ती एक होती, आणि तिथे बोलणं व्हायचं ते बहुतेक रसायनांबद्दल.

फिल्म धुण्याचा डी-७६ डेव्हलपर आम्ही स्वतःच बनवायचो. लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. मेटॉल सगळ्यात आधी विरघळवायचं, कारण सल्फाइट जास्त झालं की ते विरघळत नाही. पण त्याच्याही आधी चिमूटभर सल्फाइट पाण्यात टाकायचं, म्हणजे मेटॉल हवेने खराब होत नाही. ही चिमूट केवढी, हे ह्यांनी माझी बोटं धरून दाखवलं. उन्हाळ्यात सांगलीचं नळाचं पाणी कोमट येतं आणि डेव्हलपर हवा वीस अंशांवर. मग माठातलं पाणी घ्यायचं, ट्रे बर्फाच्या परातीत ठेवायचा. फिल्म मिळेल ती वापरायची, ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू नाहीतर पूर्व जर्मनीची ओर्वो. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो यायचे. तेराव्याला जागा नाही, म्हणून प्रत्येक वेळी बटण दाबायच्या आधी हे श्वास धरायचे. निगेटिव्हवर ते मला दिसायचं. हललेला फोटो ह्यांच्या रोलमध्ये विरळाच.

प्रिंट डेव्हलपरमध्ये टाकली की कागदावर आधी काळं येतं. केस, बुबुळं, मिशी, काळी टोपी. गाल आणि कपाळ सगळ्यात शेवटी भरतात. गेलेल्या माणसाचा चेहरा असा लाल दिव्याखाली आधी डोळे उघडून आणि मग सावकाश बाकीचा पुढे येतो, ते बघायची सवय होते असं म्हणतात. मला झाली नाही. चेहरा ओळखीचा असो वा नसो, त्या अर्ध्या मिनिटात मी ट्रे हलवण्यापलीकडे काही करत नसे, बोलत तर नसेच.

तेराव्याच्या फोटोत मागण्या ठरलेल्या. टोपी घाला. शर्टावर कोट चढवा. मागची माणसं घालवा. डोळे मिटलेत, उघडे करा. पण सगळ्यात अवघड काम असायचं बायकांचं, कारण त्यांचा एकटीचा फोटोच नसायचा. पुरुषाचा कुठे नोकरीसाठी, कुठे सोसायटीच्या कर्जासाठी पासपोर्ट साइज तरी काढलेला असे. बाईचा असायचा तो लग्नातला जोडीचा, नाहीतर कुणाच्या तरी बारशातला, पदर कपाळापर्यंत ओढलेला आणि मांडीवर दुसऱ्याचं मूल. त्यामुळे साठीत गेलेली आजी भिंतीवर अठरा वर्षांची नवरी होऊन बसायची. नातवंडं त्या फोटोला नमस्कार करायची आणि ही कोण म्हणून विचारायची.

हरिपूरकडचे एक हळद करणारे शेतकरी असेच आले होते. बायको जाऊन आठवडा झालेला. लग्नातल्या फोटोवरून मी त्यांच्या कारभारणीचा मोठा फोटो करून ठेवला होता आणि माझ्या दृष्टीने तो चांगला उतरला होता. त्यांनी तो हातात धरला, बराच वेळ बघितला आणि परत काउंटरवर ठेवला.

"वहिनी, ही माझी बायकू न्हवं."

मला वाटलं चेहरा चुकला. तसं नव्हतं.

"ही लगीन झालं तवाची. हिला मी धड बघितलीबी नव्हती तवा. म्या जिच्यासंगं जल्म काढला ती म्हातारी हुती. केस पिकल्यालं. हितं डोळ्यापाशी रेघा हुत्या. त्या घालता येत्याल का?"

रिटचिंगचं आमचं सगळं कसब रेघा घालवण्याचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. कडक पेन्सिलीने जिथे टिपका द्याल तिथे प्रिंट उजळते, म्हणून सुरकुतीवर, व्रणावर, डोळ्याखालच्या काळेपणावर पेन्सिल फिरवायची. सुरीच्या टोकाने जिलेटिन अलगद खरवडलं तर प्रिंटमध्ये तिथे काळं येतं. सुरी आम्ही क्वचित वापरायचो, कारण खरवडलेलं परत भरता येत नाही. त्या दिवशी मी पेन्सिल घेतली ती केस पांढरे करायला आणि सुरी घेतली ती सुरकुत्या पाडायला. ते काका माझ्या शेजारी स्टुलावर बसून सांगत होते. हसताना डाव्या बाजूला जास्त पडायच्या. कपाळाला आठी नव्हती, आठी घालू नका. खालचा ओठ आत गेलेला, पुढचे दोन दात पडले होते. कपाळावरचं गोंदण फिकट झालं होतं, ते फिकटच ठेवा. चेहऱ्याचा इतका बारीक हिशोब ठेवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि आमचा तर धंदाच चेहऱ्यांचा. दुसऱ्या प्रिंटला ते म्हणाले, "आता वळखू आली." पैसे देताना त्यांचे हात थरथरत होते. हे कोपऱ्यात उभे राहून सगळं ऐकत होते. रात्री दुकान बंद करताना एवढंच म्हणाले, "आपण आजवर लोकांची माणसं पुसत होतो."

त्यानंतर गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय मी सुरकुत्यांना हात लावला नाही.

आता चांदीबद्दल सांगते. फिल्मवर आणि कागदावर जो थर असतो तो चांदीच्या क्षारांचा. उजेड पडला तिथली चांदी डेव्हलपरमध्ये काळी होऊन जागेवर बसते, तोच फोटो. उजेड पडला नाही तिथली चांदी हायपोत, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनात, विरघळून निघून जाते. म्हणजे वापरलेला हायपो टाकाऊ दिसला तरी त्यात चांदी असते. ती काढणारा एक माणूस कॅन घेऊन फिरायचा. गावातल्या स्टुडिओंचा हायपो घ्यायचा आणि थोडेफार पैसे टेकवायचा. त्या पैशांची आम्हाला सवय होती, घरातलं दूध त्यात निघायचं.

एका वर्षी ह्यांनी त्याला हायपो देणं बंद केलं. मला कारण सांगितलं नाही. मागच्या मोरीत प्लॅस्टिकची पिंपं साठायला लागली. त्यात लोखंडाचा बारीक कीस, भांडी घासायला मिळतो तसा, टाकून ठेवलेला. लोखंड हळूहळू विरघळतं आणि त्याच्या बदल्यात चांदी काळ्या गाळाच्या रूपाने तळाशी बसते. हे सगळं हे कुठून तरी वाचून करत होते. वास इतका सुटायचा की सासूबाई बोलायच्या. गाळ वाळवला, पुडीत बांधला आणि सराफकट्ट्यावरच्या ओळखीच्या सोनाराकडे नेला. त्याने मुशीत तापवून चांदी वेगळी केली. शुद्ध करताना बरीच घट आली असणार. जे उरलं त्याची माझ्यासाठी जोडवी झाली. जोडवी माझ्या पायात लग्नातली होतीच. ही रुंद, मधे एक बारीक चौकोन कोरलेला, आमच्या निगेटिव्हचा आकार.

हातात देताना ह्यांनी सांगितलं ते मला अक्षरशः आठवतं, कारण असं बोलणं त्यांच्या तोंडून फारसं यायचं नाही. ते म्हणाले, "कागदावर पांढरं राहतं तिथली चांदी हायपोत उतरते. म्हणजे ह्यात गावातल्या लोकांची धोतरं आहेत, टोप्या आहेत, नवऱ्यांच्या मुंडावळ्या आहेत, हसणाऱ्या पोरींचे दात आहेत." मी त्यांच्यासमोर वाकून बसले होते, जोडवी घालत. मान वर केली नाही.

२०१४ च्या श्रावणात हे गेले. दुपारी दुकानात छातीत कळ आली, संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला. तोवर काम पूर्ण डिजिटल झालं होतं, डार्करूममध्ये सामानाची खोकी होती आणि लग्नांच्या ऑर्डरी पुतण्या बघत होता. चौथ्या दिवशी तोच माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "काकू, काकांचा फोटो?"

आयुष्यभर मी हा प्रश्न काउंटरच्या अलीकडून ऐकला होता. आता शोधायला बसले तर फोटो काढणाऱ्याचा फोटो घरात नाही. मतदार ओळखपत्रावरचा होता, त्यात माणूस दमलेला दिसतो. आमच्या लग्नातला होता, त्यात पंचविशीचा मुलगा मुंडावळ्या बांधून बसलेला. फोटोग्राफर संघटनेच्या ग्रुपमध्ये चौथ्या रांगेत अर्धा चेहरा. आणि एक होता, ह्यांच्या एका मित्राने काढलेला, भावे नाट्यमंदिरातला. आमच्याकडे रंगभूमी दिनाला, ५ नोव्हेंबरला, विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं. सांगलीकरांच्या दृष्टीने तो सणच. हे दर वर्षी रंगमंचाखाली उभे राहून फोटो काढायचे. त्या फोटोत ते त्यांच्या याशिका मॅटमध्ये वाकून बघतायत. हा कॅमेरा छातीशी धरून वरून खाली बघत चालवायचा. डावा हात फोकसच्या चाकावर, उजव्या हाताचं बोट पुढच्या बटणावर, भांग सरळ, मान पूर्ण खाली. चेहरा दिसत नाही. दिसतं ते फक्त डोकं आणि हात.

मला तोच हवा होता. मी ह्यांना बहुतेक असंच पाहिलं होतं, आणि त्यांच्यासमोर बसलेल्या हजारो लोकांनीही. त्या कॅमेऱ्याचा गुणच तसा. फोटोग्राफर समोरच्याकडे रोखून बघत नाही, त्याच्यापुढे मान झुकवतो, त्यामुळे खेड्यातून आलेली बुजरी माणसंसुद्धा सैल व्हायची. आणि कॅमेरा छातीच्या उंचीवर असल्याने समोरचा माणूस थोडा खालून दिसायचा, उंच दिसायचा. ह्यांच्या फोटोतले हमाल आणि मोलकरणी ताठ दिसतात, त्याचं अर्धं कारण ही वाकलेली मान.

घरच्यांना पटलं नाही. नणंदबाई म्हणाल्या, "चेहराच नाही, तर हार कुठे घालायचा?" त्यांचं दुःख माझ्याहून कमी नव्हतं, धाकट्या भावाला त्यांनी कडेवर वाढवलं होतं. तेव्हा तेराव्याला पुतण्याने मतदार कार्डावरचा मोठा करून आणला, तो लागला. वाकलेल्या मानेचा मी माझ्या खोलीत लावला. तो अजून तिथे आहे.

जोडव्यांचं मात्र मी ऐकलं नाही. दहाव्याला बायका जमल्या तेव्हा कुंकू, मंगळसूत्र जे काही करायचं ते त्यांनी केलं, माझ्या अंगात विरोध करायचं त्राण नव्हतं. पण पायाशी कुणी बसली तेव्हा मी पाय आत ओढून घेतले. म्हटलं, ही सौभाग्याची नाहीत, ही कामाची आहेत, ह्यात गावातल्या माणसांची चांदी आहे. कुणाला कळलं, कुणाला नाही. एका वयस्कर बाईने नुसता माझ्या पावलावर हात ठेवला आणि ती उठून गेली. पुढे २०२२ च्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं आपल्या गावात बंद. राज्य सरकारनेही मग बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. मी ती बातमी कापून वहीत चिकटवली. हेरवाडची कितीतरी लग्नं ह्यांनी काढलेली आहेत. त्या ठरावाला हात वर करणाऱ्या बायकांत आमच्या निगेटिव्हमधल्या नवऱ्या असणारच, असं मला वाटतं आणि फार बरं वाटतं.

होमाई व्यारावालांविषयी मी नेहमी विचार करते. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांना कॅमेरा शिकवला त्यांच्या नवऱ्याने, माणेकशॉंनी. सुरुवातीची त्यांची छायाचित्रं छापून यायची तीही नवऱ्याच्या नावाने. माणेकशॉ गेले आणि वर्षभरात, १९७० साली, होमाईबाईंनी काम थांबवलं. नव्या छायाचित्रकारांचं वागणं पटेना, असं कारण त्या सांगत. २०१२ साली त्या वारल्या, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं त्या कॅमेऱ्याशिवाय राहिल्या. मला त्यांचा निर्णय समजतो. ज्या माणसाबरोबर एखादं काम शिकलो त्याच्याशिवाय ते करताना प्रत्येक हालचालीत त्याची बोटं आठवतात. मी थांबले नाही, ते धीर जास्त होता म्हणून नव्हे. माझ्याकडे पोटमाळ्यापासून जमिनीपर्यंत निगेटिव्ह होत्या आणि त्यांची वही फक्त मला वाचता येत होती.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही कृष्णेची धोक्याची पातळी. पाणी ५७ फुटांवर गेलं. मारुती चौकात होड्या चालल्या. आम्ही विश्रामबागला भाच्याकडे गेलो होतो. घरातून निघताना मी औषधं, वही आणि ह्यांचा कॅमेरा एवढंच उचललं. जोडवी पायात होतीच.

पाणी उतरल्यावर दुकानाचं शटर उघडायला माणसं लागली. आत गुडघ्याएवढा चिखल आणि दुर्गंधी. पोटमाळ्यावरचे डबे वाचले होते, खालच्या फळ्यांवरचे सगळे पाण्याखाली गेलेले. निगेटिव्हचा थर जिलेटिनचा असतो. पाण्यात तो फुगतो, मऊ पडतो, आणि तसाच वाळू दिला तर कागदी पाकिटाला कायमचा चिकटतो. लोक मदतीला आले ते बिचारे डबे उन्हात मांडायला निघाले होते. मी ओरडले, वाळवू नका, ओलं ठेवा. स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवायचं, पाण्याखालीच पाकीट सोडवायचं, मग एकेक निगेटिव्ह धुऊन चिमट्याला टांगायची. पण नळाला पाणी नव्हतं आणि गावात वीज नव्हती. टँकरच्या पाण्यातलं अर्धं पिण्याला आणि अर्धं निगेटिव्हना. जेवढं दोन-तीन दिवसांत उरकणार नाही ते प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून विश्रामबागेतल्या ओळखीच्यांच्या फ्रीजरमध्ये ठेवलं, म्हणजे बुरशी थांबते. लोकांनी आपापल्या फ्रीजमधून बर्फाचे ट्रे, मटार बाहेर काढून आमचे फोटो आत ठेवले. त्यांच्याविषयी मी काय बोलू. सगळं वाचलं नाही. काही निगेटिव्हवरचा थर बोट लागताच सरकला आणि हातात नुसती पारदर्शक पट्टी राहिली.

पूर ओसरल्यावर महिन्याभरात माणसं यायला लागली, आणि हे मी मनात आणलं नव्हतं. घरातून भांडी गेली, गाद्या गेल्या, त्याचे पंचनामे झाले. भिंतीवरचे फोटो गेले त्याचा रकाना कुठल्या कागदावर नव्हता. कवठेपिरानहून, डिग्रजहून, गावभागातून लोक विचारत यायचे, वहिनी, आमच्या आईचा तेराव्याचा फोटो तुमच्याकडेच केला होता, त्याची काच आहे का? निगेटिव्हला जुनी माणसं अजून काच म्हणतात. मी विचारायची, वर्ष कोणतं? वर्ष आठवायचं नाही. त्या साली दुष्काळ होता, थोरल्याचं लग्न ठरलं होतं, असं सांगायचे. त्यावरून वही चाळायची. ह्यांचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. नंबर, नाव, गाव, आणि जिथे लागू तिथे 'ते.'. नंबर सापडला की डबा, डब्यातून पाकीट.

शेजारची एक मुलगी, चित्रकलेचं शिकलेली, मदतीला यायला लागली. दुधी काचेखाली दिवा, वर जवळचं टिपणारी लेन्स लावलेला डिजिटल कॅमेरा, निगेटिव्हचा फोटो काढायचा आणि संगणकावर उलटा करायचा. चिखलाचे डाग ती पडद्यावर घालवते. माणसाच्या चेहऱ्याला मी सांगितल्याशिवाय हात लावत नाही. हे मी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं.

पडद्यावर निगेटिव्ह भिंतीएवढी मोठी करून बघता येते, आणि तिथे मला हे भेटायला लागले. १९८० नंतरच्या लग्नांत आहेर म्हणून लोखंडी कपाट यायचं आणि नवरा-नवरीचा त्याच्याशेजारी फोटो ठरलेला. कपाटाला आरसा. फोटोग्राफर आरशात येऊ नये म्हणून हे तिरके उभे राहायचे, पण लहान घरात सरकायला जागा नसली की कडेला येतातच. पांढरा शर्ट, छातीशी कॅमेरा, खाली झुकलेलं डोकं. कुठे नवरदेवाच्या काळ्या गॉगलमध्ये दोन्ही काचांवर, ठिपक्याएवढे. कुठे संध्याकाळच्या उन्हात घोळक्याच्या पायांशी लांब पडलेली सावली, तिचीही मान वाकलेली. बुधगावच्या एका लग्नात वधूच्या आईने हातात धरलेल्या पितळी घागरीवर ते पोट सुटल्यासारखे फुगीर दिसतात, आणि ते तसे कधीच नव्हते. घरात चेहऱ्याचा फोटो नाही म्हणून मी रडले होते, आणि लोकांच्या लग्नांत इतके ठिकठिकाणी ते उभे होते. सापडला की त्या नंबरापुढे मी वहीत पेन्सिलीने एक चौकोन काढते.

ह्यांचा कॅमेरा मी चालता ठेवला आहे. असे कॅमेरे नुसते ठेवले की शटरमधलं वंगण घट्ट होतं आणि आधी हळू वेग अडकायला लागतात. म्हणून तो वापरणं हीच त्याची देखभाल. त्यातला उजेड मोजायचा काटा केव्हाच मेला, त्याचा पाऱ्याचा सेल आता कुठे बनत नाही. ह्यांनी तरी त्या काट्याकडे कधी पाहिलं नव्हतं. १२५ ची फिल्म असेल तर लख्ख उन्हात सोळाचं छिद्र आणि सव्वाशेचा वेग, ढग आला की एकेक पायरी उघडायची. रोल महाग झालाय, तरी घेते, आणि जिन्याखालची डार्करूम पुन्हा मोकळी केली आहे. हायपोही साठवते.

त्या कॅमेऱ्यावर मी आता एकच काम करते. म्हाताऱ्या बायकांचे एकटीचे फोटो. पूर आल्यावर इतक्या घरांतून आईचा, आजीचा फोटो मागायला माणसं आली आणि इतक्यांना मला लग्नातला किंवा दुसऱ्याचं मूल मांडीवर घेतलेलाच द्यावा लागला, तेव्हाच हे ठरवलं. भाजी विकणारी येते, मोरीवर काम करणारी येते, नवरा हयात असलेली येते आणि नसलेलीही. केसांना तेल लावून, इस्त्रीचं लुगडं नेसून येतात. मी खुर्ची खिडकीपाशी लावते आणि कॅमेऱ्यात वाकते. आत सगळं डावं-उजवं उलटं दिसतं, त्यांनी मान इकडे केली की प्रतिमा तिकडे जाते, त्याची सवय मला ह्या वयात करावी लागली.

परवा कृष्णाकाठच्या वाडीवरची एक आज्जी सुनेबरोबर आली होती. खुर्चीत बसली, पदर नीट केला आणि घाबरून म्हणाली, "आत्ताच कशाला काढायचा गं? मी मेल्यावर लावायचा न्हाई का?"

"न्हाई आज्जी," मी म्हटलं, "आत्ताच लावायचा. जेवायला बसता त्याच्यासमोरच्या भिंतीवर. आणि हसलात तरी चालेल, रेघा मी काढत नाही."